गजभाऱ्यांच्या अंगणातला लव्हाळा

देवराव गजभाऱ्यांच्या अंगणात सगळं उगवत होतं, फक्त लॉन सोडून. लव्हाळा होता, कुरडू होती, गाजरगवत होतं, आणि चपलेचा तळ भेदून आत शिरणारं काहीतरी काटेरी होतं, ज्याचं नाव कॉलनीत कुणालाच सांगता येत नव्हतं. ज्या गवतासाठी घरापुढची निम्मी जागा मोकळी सोडली होती, ते मात्र पिवळं पडून इथे एक पट्टा, तिथे एक पट्टा असं कसंबसं जीव धरून होतं. रोज सकाळी चहाचा कप घेऊन देवराव पायरीवर यायचे, त्याच्याकडे बघायचे आणि चहात साखर कमी आहे म्हणून बायकोवर, सखूवर खेकसायचे. साखर तेवढीच असायची.

हैदराबादच्या कडेला, बोडुप्पलच्या पुढची ही कॉलनी. दोनशे गजांचे प्लॉट. इथे प्लॉट घेतला की भिंतीला भिंत लावून घर बांधायचं, उरलेल्या वीतभर जागेत फरशी टाकायची आणि फरशीवर गाडी उभी करायची, अशी रीत. देवरावांनी पुढे एवढी जागा मोकळी ठेवली, तेव्हा शेजारपाजारच्यांनी आधी चौकशी केली, मग सल्ले दिले आणि शेवटी कीव केली. रस्त्याला लागून दोन शटर काढा, भाड्याने द्या, म्हातारपणी उपयोगी पडेल, असं एकाने फार आपुलकीने समजावलं. देवराव म्हणाले, "हिरवळ करायची आहे." त्या गृहस्थाने असं तोंड केलं, जणू देवरावांनी अंगणात हत्ती बांधायचं ठरवलंय.

पण हे हिरवळीचं खूळ काही निवृत्तीनंतर रिकामपणी लागलेलं नव्हतं. देवराव टेलिफोन खात्यात लाईनमन म्हणून चिकटले. निम्मी नोकरी खांबावर चढण्यात गेली आणि उरलेली, परीक्षा देत देत, खुर्चीत. एवढा सगळा काळ बिऱ्हाड मलकपेठेत, एका माडीवरच्या दोन खोल्यांत. त्या घरात चांगलं म्हणावं असं एकच होतं. गच्चीच्या एका कोपऱ्यात, पाण्याच्या टाकीला टेकून उभं राहिलं की लांब रेसकोर्सचं गवत दिसायचं. उन्हाळ्यात गल्लीतल्या नळाला करंगळीएवढी धार असायची, बायका घागरी घेऊन भांडत असायच्या, आणि तिकडे ते गवत हिरवंगार. घोड्यांच्या पायाखाली एवढं गवत आणि आपल्या बायकापोरांना बसायला तापलेली गच्ची, याचा देवरावांना मनापासून राग यायचा. राग आला की माणूस ठरवतो. त्यांनी ठरवलं, आपलं घर होईल तेव्हा दारात गवत असेल, आणि त्या गवताचं आपण काहीही करायचं नाही. त्यावर नुसतं बसायचं.

ही कल्पना सखूच्या गळी उतरायला वेळ लागला होता.

"गवतावर बसून काय करायचं?" तिनं विचारलं होतं.

"काही नाही."

"मग बसायचं कशाला?"

यावर देवराव चिडले होते. पण तिचंही बरोबर होतं. दोघंही देगलूरकडच्या एकाच भागातली. दोघांच्याही आईबापांनी जन्म दुसऱ्यांच्या रानात काढला. तिकडे गवत म्हणजे कापायचं, भारा बांधायचा, डोक्यावर घ्यायचा आणि मालकाच्या गोठ्यात नेऊन टाकायचा. गवतावर बसलेला माणूस एकच असायचा, बांधावरचा, छत्री घेतलेला.

सखूच्या हातात खुरपं कधी आलं हे तिलाही आठवत नसेल. आईच्या मागं मागं खुरपायला जायची ती लग्नानंतरही जात राहिली. देवरावांची नोकरी पक्की झाली, मलकपेठेची खोली मिळाली, तेव्हा ते तिला न्यायला गावी गेले. ती घरी नव्हती. कुणाच्यातरी कापसात बायकांच्या रांगेत वाकून बसली होती. देवराव बांधावर गेले. मालक म्हणाला, पात निघाल्याशिवाय सोडणार नाही. पात म्हणजे एकेका बाईच्या वाट्याला आलेली ओळ. देवराव नव्या पँटीत, नवी बॅग घेऊन, ती ओळ संपेपर्यंत उन्हात उभे राहिले. त्या दिवशी हैदराबादच्या बसमध्ये ते सखूला म्हणाले, "आता तुझ्या हातात पुन्हा खुरपं येणार नाही."

आणि नाही आलं. देवरावांच्या आयुष्यात पाळता न आलेल्या गोष्टी पुष्कळ असतील, पण ही एक त्यांनी पाळली. नुसती पाळली नाही, सांगितली. प्रत्येक लग्नकार्यात, प्रत्येक जयंतीच्या पंगतीत, नात्यातल्या तरुण पोरांना बाजूला घेऊन सांगितली. ते सांगत असताना सखू शेजारी बसून पदराचं टोक बोटाला गुंडाळत असायची. ऐकणारे तिच्याकडे कौतुकाने बघायचे आणि ती हसायची. त्या बसमध्ये ती काय म्हणाली होती, हे कुणी कधी विचारलं नाही.

तर घर झालं आणि देवराव हिरवळीच्या मागे लागले. पहिली माशी शिंकली ती मातीवरून.

यादगिरी नावाचा माळी मिळाला होता. कॉलनीतल्या कुंड्या तोच बघायचा. त्याने जागा पाहिली, पायाने उकरली आणि म्हणाला, "साब, लॉन कू एर्र मट्टी होना." म्हणजे लाल माती. देवरावांना हे पटणं शक्य नव्हतं. मराठवाड्यातला माणूस कुठेही जाऊन राहिला तरी मातीबद्दलचं त्याचं मत बदलत नाही. माती म्हणजे काळी. बाकी सगळा मुरूम, तो रस्त्यावर टाकायचा. खरी गंमत अशी की देगलूरकडच्या त्या काळ्या रानात गजभाऱ्यांच्या नावावर एक ढेकूळही नव्हतं. बापाने ती माती आयुष्यभर नांगरली, पेरली, अंगाला लावून घरी आणली आणि सकाळी पुन्हा नेऊन परत केली. पण अभिमान असा, की जणू सगळं शिवार यांचंच. काळ्या मातीला यादगिरी रेगडी म्हणायचा. त्याने पुन्हा एकदा "रेगडी नक्को साब" म्हटलं, तेव्हा देवरावांनी त्याला मातीच्या विषयात तोंड न उघडण्याची ताकीद दिली.

उन्हाळ्यात एका आटलेल्या तलावातली काळी माती टिपर भरभरून आली. अंगणात ढीग ओतला गेला. देवरावांनी वाकून मूठ भरली, दाबली, नाकाला लावली. "हे बघ," ते सखूला म्हणाले, "याला म्हणतात माती. आपली स्वतःची." सखूनंही मूठ घेतली. तिनं ती नाकाला लावली नाही. बोटांनी चाळली आणि त्यातून एक काळा, हरभऱ्याएवढा गड्डा काढून देवरावांपुढे धरला.

"लव्हाळा हाय यात," ती म्हणाली.

"एखाददुसरा असणारच," देवराव म्हणाले.

मग नर्सरीतून गवताच्या चटया आल्या. मेक्सिकन का काय ते गवत. चटईला चटई जोडून यादगिरीने अंगण भरून टाकलं आणि खरं सांगायचं तर त्या दिवशी ते दिसलंही सुरेख. देवरावांनी खुर्ची बाहेर मांडली. मग खुर्ची आत नेली आणि चटईवर मांडी घालून बसले. सखूलाही बसवलं. दोघंही अवघडून बसले. बुडाखाली ओल लागायला लागली तशी सखू म्हणाली, "झालं का बसून?" आणि उठली.

ते बसणं पहिलं आणि जवळजवळ शेवटचं. पाऊस सुरू झाला आणि काळ्या मातीने आपले गुण दाखवायला सुरुवात केली. पाणी मुरेना. अंगणात तळं साचलं, त्यात गवताच्या चटया तरंगायला लागल्या. पाय टाकला की घोट्यापर्यंत आत, आणि पाय काढला की चप्पल आतच. चार दिवस उघडीप पडली की तीच माती आक्रसून भेगाळायची आणि चटया मध्येच फाटायच्या. भेगांत वाळू भरायला सांगितली तर पुढच्या पावसात वाळू वर आणि गवत खाली. कंपाउंडची भिंत एका बाजूने फुगली. घरभर काळे पाय उमटायचे ते वेगळंच. सखू फरशी पुसायची आणि काही बोलायची नाही. तिच्या न बोलण्याने देवरावांचा जास्तच तिळपापड व्हायचा.

आणि लव्हाळा. त्याला पाणी साचलं तरी चाले आणि माती तडकली तरी चाले. मेक्सिकन गवताच्या मधून तो सरळ, चकचकीत, ताठ मानेनं वर यायचा. उपटला की पातं हातात यायचं आणि गड्डा खाली राहायचा. आठवड्याने एकाच्या जागी दोन.

देवरावांनी मोबाईलवर व्हिडिओ बघायला सुरुवात केली. एक म्हणे मीठ टाका, एक म्हणे व्हिनेगर. एक बाई हसत हसत सांगत होती की बागकाम म्हणजे मनाची शांती. देवरावांनी तो व्हिडिओ अर्ध्यात बंद केला. सुलतान बाजारच्या एका ओळखीच्या दुकानदाराने तणनाशकाची बाटली मिळवून दिली. फवारलं. गवत मेलं. लव्हाळा दोन दिवस मान टाकून बसला आणि मग पुन्हा उभा राहिला. गवताला जोर यावा म्हणून यादगिरीने स्वतःच्या अकलेने मुठी भरभरून युरिया फेकला, तर जिथे जिथे मूठ पडली तिथे तिथे ताटाएवढे गोल जळून गेले. म्हणजे मातीत देवराव चुकले असतील, पण यादगिरीनेही आपला वाटा उचलला. त्याच्याच हट्टाने एका कोपऱ्यात लाल मातीची एक गाडी टाकून पाहिली, तर लव्हाळ्याने तिथेही पाय पसरले. यादगिरीही चुकला, याचंसुद्धा देवरावांना समाधान मिळालं नाही.

शेवटी यादगिरी यायचाच बंद झाला. फोन केला की "आतूं साब" म्हणायचा. तो येणार नाही हे दोघांनाही माहीत असायचं.

रविवारी मुलगा आला. प्रज्ञेश गच्चीबावलीत नोकरी करतो, तिकडेच फ्लॅटमध्ये राहतो. त्याने अंगणाकडे नजर टाकली आणि म्हणाला, "पप्पा, इतका स्ट्रेस कशाला? आर्टिफिशियल टर्फ टाका ना. एका दिवसात होऊन जातं. नो पानी, नो माली."

"प्लास्टिक?"

"क्वालिटी असतीय आजकाल. एकदम रियल दिसतंय."

"मग मला एक प्लास्टिकचा पोरगा पण आणून दे," देवराव म्हणाले. "दर रविवारी येणारा."

प्रज्ञेश हसला. सखू हसली नाही. ती दारात उभी राहून अंगणाकडे बघत होती. तिची बोटं नुसतीच हलत होती.

हे देवरावांच्या लक्षात आलं नव्हतं असं नाही. लव्हाळा वाढायला लागल्यापासून सखूचं घरात लक्ष नव्हतं. कपडे वाळत घालायला म्हणून बाहेर जायची आणि जाता जाता वाकून दोन काड्या उपटायची. देवराव आतून ओरडायचे, "सखू." ती हात पदराला पुसून आत यायची. एकदा ते दोघं बेगम बाजारात मिरच्या आणि चिंच घ्यायला गेले. घरी आल्यावर पिशवीतून मिरच्या निघाल्या, चिंच निघाली आणि तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक खुरपं निघालं.

"हे काय आहे?"

"खुरपं."

"ते दिसतंय मला. कशाला?"

"यादगिरी यायला नाही. कुणीतरी काढावं लागंल की."

"कुणीतरी म्हणजे?" देवरावांचा आवाज चढला. "याच्यासाठी घर बांधलं का मी? जन्मभर दुसऱ्याच्या रानात वाकलीस ते पुरलं नाही? आता या कॉलनीत, रस्त्यावरनं येणाऱ्या जाणाऱ्यांसमोर वाकून बसायचंय? लोक काय म्हणतील?"

"काय म्हणतील?"

"मला काय विचारतेस?"

"तुम्हीच म्हणायलात लोक म्हणतील म्हणून. तर इचारलं."

देवरावांनी खुरपं कपाटावर, सुटकेसच्या मागे टाकून दिलं आणि दुसरा माळी शोधायला बाहेर पडले. दुसरा माळी मिळाला. त्याने अंगण बघितलं, कमरेवर हात ठेवले आणि विचारलं, "ये मट्टी कौन डाला?" देवरावांनी त्याला फाटकापासूनच परत पाठवला.

भर म्हणून बतुकम्मा आली, इकडच्या बायकांचा फुलांचा सण. गल्लीतल्या बायका, मुली ताटं घेऊन दाराशी उभ्या. अंकल, गुनुगु तोडून घेऊ का? गुनुगु म्हणजे आपली कुरडू, तिचे गुलाबी पांढरे तुरे बतुकम्मेला लागतात. यंदा सगळीकडे घरं झाली, मोकळे प्लॉट राहिले नाहीत, तुमच्याकडेच इतका छान आलाय. एक म्हातारी तर मनापासून म्हणाली, पुढच्या वर्षीही असाच ठेवा. देवरावांनी फाटक उघडून दिलं. एवढा खर्च, एवढं पाणी, एवढी धडपड, आणि गल्लीत नाव कशाचं झालं, तर तणाचं. सखू मात्र बायकांबरोबर फुलं तोडत होती, आणि तिच्या पातळाच्या काठाला काळी माती लागलेली देवरावांनी पाहिली.

त्यानंतरच्या आठवड्यातली गोष्ट. विजयादशमीच्या कार्यक्रमासाठी विहारात बैठक होती. देवराव अंघोळ करून, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, केसांना पाणी लावत होते. बाहेरून एक आवाज आला. खस, मग जरा थांबून पुन्हा खस. लोखंड मातीत जाऊन मूळ कापून वर येण्याचा. इतक्या वर्षांनीही तो आवाज त्यांनी लगेच ओळखला. कपाटावर हात घातला. सुटकेसच्या मागे काही नव्हतं.

सखू अंगणाच्या पार पलीकडच्या टोकाला, भिंतीशी उकिडवी बसली होती. जुनं पातळ, पदर डोक्यावरून कानामागं खोचलेला. डाव्या हाताने लव्हाळा धरायची, उजव्या हाताने खुरपं आत घालून उचकायची, झटकून गड्डा मोकळा करायची आणि मागं टाकायची. मग बसल्या बसल्याच एक पाऊल पुढे. तिच्या मागं काळी स्वच्छ पट्टी उघडी पडत होती.

"सखू, ऊठ."

"एवढा कोपरा होऊ द्या."

"लोक बघायलेत."

"बघू द्या की. तण काढायले, चोरी करायले नाही."

देवराव पायरीपर्यंत आले. पायरीखाली उतरले नाहीत, कारण शर्ट पांढरा होता आणि बूट पॉलिश केलेले होते. "मी तुला काय सांगितलं होतं?"

"तुम्ही सांगितलं होतं," सखू म्हणाली. तिचा हात चालूच होता. "मी काय म्हणले होते, ते आठवतंय का?"

देवरावांनी आठवून पाहिलं. ती काही म्हणाल्याचं त्यांना आठवेना. म्हणाली नसेलच. त्यांनी विचारलं नव्हतं.

"पुन्हा येणार आहे हे," ते जरा खालच्या आवाजात म्हणाले. "आठ दिवसांत पुन्हा हिरवं होईल. उगीच कंबर मोडून घ्यायची."

"येऊ द्या. पुन्हा काढते." तिनं एक मोठा गड्डा उचकला, उन्हात धरून बघितला आणि मागं फेकला. "दुसऱ्याच्या रानात पात कधी सरंल असं व्हायचं. जीव जायचा माझा. हे नाही सरलं तरी चालतंय. हे माझं हाय."

देवरावांना यावर बोलायचं होतं. हिरवळ यासाठी नव्हती, तिने यावर फक्त बसायचं होतं, हे पुन्हा एकदा नीट, शांतपणे समजावून सांगायचं होतं. तेवढ्यात फाटकाची कडी वाजली.

कोपऱ्यावरच्या नव्या घरात राहायला आलेली बाई फाटकाशी उभी होती. तरुण, पायांत चालायचे बूट, कानात वायर. अजून कुणाशी ओळख झालेली नसावी. तिनं वायर काढली, पायरीवर उभ्या असलेल्या पांढऱ्या शर्टाकडे बघून हसली आणि हिंदीत विचारलं, "अंकल, ये अम्मा बहुत अच्छा निकाल रही. हमारे घर में भी पीछे बहुत गड्डी हो गई. आप का होने के बाद उसको हमारे घर भेजते क्या? क्या लेती?" गड्डी म्हणजे तेलुगूतलं गवत.

सखूचा हात थांबला.

सांगायला काहीच अवघड नव्हतं. देवरावांना ही हैदराबादी हिंदी, दखनी, अस्खलित येत होती, खांबावर चढून अर्ध्या शहराशी ते याच भाषेत बोलले होते. दोन शब्दांचं काम होतं. पण देवरावांना आपला इस्त्रीचा शर्ट दिसला, आणि सखूच्या कोपरापर्यंत चढलेली काळी माती दिसली, आणि त्या बाईच्या तोंडावरचं ते साधं, सभ्य हसू दिसलं. ते हसू आता बदलेल, आधी सखूकडे जाईल आणि मग आपल्याकडे येईल, असं त्यांना वाटलं.

"पूछके बताता," देवराव म्हणाले.

"थँक्यू अंकल," म्हणून ती बाई गेली.

समोरच्या घरातला प्रेशर कुकर शिट्टी देऊन गप्प झाला. सखू उकिडवीच होती, पाठमोरी.

"इचारा की मग," ती म्हणाली.

"सखू, माझ्या तोंडून एकदम..."

"त्यांना सांगायचंय न्हवं? इचारा. येतीस का म्हणून इचारा. काय घेतीस म्हणून इचारा."

"एकदम निघून गेलं गं तोंडातून. मी घाईत होतो. बैठकीला उशीर व्हायला होता, म्हणून..."

सखू वळली. तिच्या कपाळावर मातीचं बोट उमटलं होतं. ती रडत नव्हती. रागावलेलीही दिसत नव्हती, आणि देवरावांना वाटलं की रागावली असती तर बरं झालं असतं.

"तुम्ही समद्यांना सांगायचे," ती म्हणाली, "बायकोच्या हातात पुन्हा खुरपं येऊ दिलं नाही म्हणून. मी शेजारीच असायची. मला इतकी वर्षं वाटायचं, माझ्यासाठीच म्हणायलात."

मग ती पुन्हा भिंतीकडे वळली आणि खुरपं मातीत गेलं.

देवराव पायरीवर उभे राहिले. त्यांना राग आला होता, आणि आजवर तो कुणावर काढायचा हे त्यांना नेहमी माहीत असायचं. यादगिरीवर, तलावातल्या मातीवर, प्रज्ञेशवर, त्या हसऱ्या व्हिडिओवालीवर. आज एकही नाव पुढे येईना. विहारातून फोन आला, तो त्यांनी घेतला नाही. पायरी उतरून ते अंगणातून सरळ चालत निघाले. बूट चिखलात रुतले, तसेच ओढून काढले आणि फाटक उघडून रस्त्यावर गेले.

"कुठं निघालात?" मागून सखूनं विचारलं.

कोपऱ्यावरचं घर काही लांब नव्हतं. देवरावांनी बेल दाबली. दारात घातलेल्या ताज्या रांगोळीवर आपल्या बुटाचा काळा चिखल पडलाय हे त्यांनी पाहिलं, आणि आता त्याला इलाज नव्हता. दार उघडलं. तीच बाई.

"अंकल? पूछे क्या? आती बोली?"

"वो मेरी घरवाली है," देवराव म्हणाले.

तिचं हसू गेलं. तोंडावर हात गेला, मान खाली गेली. अय्यो अंकल, सॉरी, सॉरी म्हणत ती दोन पावलं मागं सरकली. सुटका व्हावी म्हणून ती देवरावांकडे बघत राहिली. "हमकू मालूम नहीं था, अंकल."

"मेरेकू मालूम था," देवराव म्हणाले.